सॅटचे १५४० आणि सिरॅमिक्सचा तास

नमस्कार ताई,

गेल्या जुलैमध्ये आम्ही पुण्याहून फ्रीमाँटला आलो. मुलगा एसएससी बोर्डातून, इंग्रजी माध्यमातून दहावी झाला, ९३ टक्के मिळाले. इथे त्याला थेट अकरावीत बसवलं. डिसेंबरमध्ये सॅटचा, म्हणजे इथल्या कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेचा, निकाल लागला, १६०० पैकी १५४०! आम्ही पेढे आणले. आठवड्याभरात शाळेचा पहिल्या सेमिस्टरचा निकाल आला आणि इंग्लिशमध्ये चक्क डी. काउन्सेलर म्हणतात, यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, हा डी चालणार नाही, शिवाय आर्टचं पूर्ण एक वर्ष हवंच. सध्या तो सिरॅमिक्सला जातो. मिस्टरांचं म्हणणं असं की १५४० मिळवणाऱ्या मुलाने मडकी काय करायची, तो तास सोडून सायन्सचा आणखी एक विषय घ्यावा, आणि इंग्लिशचा डी सॅटच्या मार्कांनी भरून निघेल. पुण्यात त्याने इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा ए ग्रेडने दिली आहे, तबल्याच्या तीन परीक्षाही झाल्यात. त्या आर्टमध्ये धरतील का? घरात रोज यावरून खटके उडतात. मुलगा काहीच बोलत नाही.

– एक आई, फ्रीमाँट

ताई,

ज्याला वेळ कमी आहे ते आधी सांगते. सिरॅमिक्सचा तास सोडू देऊ नका. दुसरं सेमिस्टर नुकतंच सुरू झालंय, विषय बदलायची मुभा शाळा पहिले काही दिवसच देते, आणि या दिवसांत तावातावाने घेतलेला निर्णय पुढच्या नोव्हेंबरमध्ये, अर्ज भरताना, अंगाशी येतो. बाकीचं पत्र सावकाश वाचा. जमलं तर मिस्टरांना शेजारी बसवून वाचा.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या नऊ कॅम्पसांपैकी कुठेही पदवीसाठी अर्ज करायचा तर नववी ते बारावीत वर्षभराचे पंधरा विषय पूर्ण झालेले लागतात, आणि त्या प्रत्येकात निदान सी ग्रेड लागते. यालाच इथे ए-टू-जी म्हणतात. इतिहास-समाजशास्त्र दोन वर्षं, इंग्लिश चार, गणित तीन, प्रयोगशाळेसह विज्ञान दोन, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा दोन, कला एक, आणि वरचा एक विषय आवडीचा. पंधरातले अकरा अकरावी संपेपर्यंत, म्हणजे बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यापर्यंत व्हावे लागतात. सॅन होजे स्टेटसारखी कॅल स्टेटची, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या विद्यापीठ-समूहाची, विद्यापीठंही हीच यादी लावतात. कलेचं ते एक वर्ष एकाच कलेचं असावं लागतं. म्हणजे अर्धं वर्ष सिरॅमिक्स आणि पुढे कधीतरी अर्धं वर्ष नाटक, असं जोडकाम चालत नाही. तुमच्या लेकाचं अर्धं वर्ष झालंय. आज तो वर्गातून उठला तर ते अर्धं वर्ष पाण्यात जाण्याची भीती, आणि बारावीत ते जुळवण्याची धावपळ.

आता सॅटचं. सॅटमध्ये असतं काय? इंग्रजी वाचन-लेखन आणि गणित. कला नाही, इतिहास नाही, प्रयोगशाळा नाही. मग १५४० काय किंवा १६०० काय, ते कलेच्या जागी उभे राहणार कसे? पूर्वी सॅटच्या वेगळ्या विषयवार परीक्षा असत. त्यात इतिहास होता, भौतिकशास्त्र होतं, फ्रेंच होतं, आणि त्यातल्या चांगल्या मार्कांवर यूसी काही विषयांची अट पूर्ण झाली असं मानत असे. त्या परीक्षा २०२१ मध्ये बंद झाल्या. तुमच्या ओळखीच्या कुणाचा मोठा मुलगा दहा वर्षांपूर्वी तशा मार्कांवर सुटला असेल आणि त्यांनी मिस्टरांना तसं सांगितलं असेल, तर ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्या वेळी ते खरं होतं.

दुसरी गोष्ट घरात कुणी सांगितलेली दिसत नाही, म्हणून स्पष्टच लिहिते. यूसी प्रवेश देताना सॅटचे मार्क विचारातच घेत नाही. मे २०२० मध्ये यूसीच्या रीजंट्सनी, म्हणजे विद्यापीठाच्या नियामक मंडळाने, सॅटची आणि तिच्यासारख्याच एसीटी या परीक्षेची अट उठवली. विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या समितीने परीक्षा ठेवावी असं सुचवलं होतं, तरीही उठवली. वर्षभराने एका खटल्यात तडजोड झाली आणि मार्क प्रवेशासाठी वा शिष्यवृत्तीसाठी बघायचेच नाहीत असं पक्कं ठरलं. कॅल स्टेटनेही २०२२ मध्ये तोच रस्ता धरला. तुम्ही मार्क कळवलेत तर यूसी त्यांचा उपयोग दोनच कामांना करते. एक, किमान पात्रतेची एखादी अट पर्यायी मार्गाने पूर्ण झाली का हे बघायला. दुसरं, प्रवेश झाल्यावर कुठल्या पातळीच्या वर्गात बसवायचं हे ठरवायला. पात्रता म्हणजे नुसता उंबरठा. तो ओलांडला की बर्कलीत किंवा सॅन डिएगोत अर्ज वाचणारा माणूस बघतो ते चार वर्षांचे विषय आणि त्यांतल्या ग्रेड. तिथे डी हा डीच दिसतो.

म्हणून १५४० वाया गेले का? मुळीच नाही. एमआयटीने २०२२ मध्ये सॅटची सक्ती परत आणली, कॅल्टेक आणि हार्वर्डने २०२४ मध्ये. पर्ड्यू आणि जॉर्जिया टेकलाही मार्क लागतात. अशा ठिकाणी अर्ज करणार असाल तर हे मार्क खणखणीत आहेत, पेढे बरोबरच आणलेत. मात्र तिथेही ते विषयांच्या जोडीला मागतात. पर्ड्यूला सॅटही हवी आणि दुसऱ्या भाषेची दोन वर्षंही हवीत.

परीक्षा शाळेतल्या विषयाची जागा कधीच घेत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. घेते, पण ती परीक्षा त्या विषयाची असावी लागते. एपीच्या, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयवार, परीक्षेत ३ किंवा त्याहून जास्त, किंवा आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या हायर लेव्हलला ५ किंवा जास्त मिळाले तर यूसी त्या त्या विषयाची अट पूर्ण झाली असं धरते. कलेसाठीसुद्धा हे चालतं. एपी आर्ट हिस्टरी घ्या. त्यात जगभरातल्या अडीचशे कलाकृती अभ्यासाला असतात, आपला सांचीचा स्तूप आहे, नटराज आहे, ताजमहाल आहे. एपी म्युझिक थिअरीही आहे, पण त्यात पाश्चात्त्य स्वरलिपी वाचून गावं लागतं, तबल्याच्या हाताचा तिथे उपयोग नाही. तेव्हा मिस्टरांना खरोखरच परीक्षेने कला सोडवायची असेल तर रस्ता आहे, पण तो अडीचशे कलाकृतींमधून जातो. सिरॅमिक्सचं उरलेलं अर्धं वर्ष त्यापेक्षा कितीतरी सोपं, आणि माझ्या मते जास्त मोलाचं.

या बाबतीत मला सगळ्यात पटलेली गोष्ट कॅल्टेकची आहे. तिथे प्रवेशासाठी कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकलेलं असावं लागतं. पण अमेरिकेत कितीतरी शाळांमध्ये कॅल्क्युलस शिकवलंच जात नाही. २०२३ मध्ये कॅल्टेकने अशा मुलांसाठी दार उघडलं. शाळेत विषय नसेल तर खान अकॅडमीच्या वेबसाइटवर शिका, परीक्षा देऊन प्रावीण्य सिद्ध करा, किंवा भौतिक-रसायनसाठी एपीत ५ आणा, आम्ही मान्य करू. परीक्षेने विषयाची जागा घ्यावी ती अशा मुलासाठी, ज्याला तो वर्गच मिळाला नाही. तुमच्या लेकाच्या शाळेत भट्टी आहे, चाक आहे, शिकवायला बाई आहेत, आणि तो तिथे बसलेला आहे.

आता इंग्लिशचा डी. गणित आणि दुसऱ्या भाषेत यूसी एक सवलत देते. पुढच्या सेमिस्टरला सी किंवा वरची ग्रेड मिळाली की मागचा डी भरून निघाला असं मानते, कारण पुढचं यायला मागचं यावंच लागतं. इंग्लिशला ही सवलत नाही. प्रत्येक सेमिस्टर आपापल्या पायावर उभं राहावं लागतं. एपी इंग्लिशच्या परीक्षेत ३ मिळवले तर अट पूर्ण होते, पण ट्रान्सक्रिप्टवरचा, म्हणजे शाळेच्या गुणपत्रकावरचा, आणि जीपीएमधला, म्हणजे ग्रेडच्या सरासरीतला, डी तसाच राहतो. शिवाय एपीच्या परीक्षा मे महिन्यात असतात आणि नोंदणी आदल्या नोव्हेंबरमध्येच होते; आता नाव घातलं तर उशिराची फी पडेल, तेही शाळा तयार असेल तर. नेहमीच्या इंग्लिशमध्ये धडपडणाऱ्या मुलाला चार महिन्यांत त्या परीक्षेला बसवणं मला योग्य वाटत नाही.

मी सांगेन ते असं: या उन्हाळ्यात तोच अर्ध्या वर्षाचा विषय पुन्हा करायचा. शाळेच्या समर स्कूलमध्ये किंवा यूसीमान्य ऑनलाइन शाळेत, कुठेही. विषय यूसीच्या मान्य यादीत आहे ना, एवढं काउन्सेलरकडून नाव भरण्याआधी लेखी विचारून घ्या. पुन्हा केलेल्या विषयात सी किंवा वर मिळाली की जीपीएत नवी ग्रेड धरतात. यूसी जीपीए मोजते ती नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्या विषयांवर, म्हणजे हा उन्हाळा त्यात बसतो. पुढचा बसणार नाही.

पण ताई, उन्हाळ्याची वाट बघण्याआधी एक गोष्ट आजच करा. सॅटच्या इंग्रजीत एवढे मार्क पाडणाऱ्या मुलाला वर्गात डी मिळतो कसा, हे त्याच्याजवळ बसून, न रागावता, बघा. शाळेचं ग्रेडचं पान उघडा. माझा अंदाज आहे की तिथे तुम्हाला चुकीची उत्तरं फारशी दिसणार नाहीत. तिथे शून्यं दिसतील. न दिलेला एक पानाचा जर्नल, न लिहिलेली चर्चेची नोंद, निबंधाचा पहिला खर्डा, दुसऱ्याचा खर्डा वाचून द्यायचा अभिप्राय. प्रत्येकाला पाच-दहा गुण, आणि प्रत्येक ठिकाणी शून्य.

मी इथल्या शाळांत भारतातून अकरावीत आलेली मुलं वर्षानुवर्षं बघते आहे, आणि हुशार मुलांचा घात याच ठिकाणी होतो. आपल्याकडे मूल एक गोष्ट पक्की शिकून येतं: वर्षभर कसंही चालू दे, शेवटी परीक्षेत दाखवलं की झालं. दहावीचं वर्ष म्हणजे मार्चची परीक्षा. त्या परीक्षेसाठी तुमचा लेक रात्रंदिवस बसला असेल आणि त्याने ९३ टक्के आणले. इथे मार्च नसतो. इथे रोजचा दिवसच थोडा थोडा मार्च असतो, आणि मंगळवारी दिलं नाही ते मे महिन्यात कितीही अभ्यास करून परत मिळत नाही. मुलाला हे कुणी सांगत नाही, कारण इथल्या मुलांना आणि शिक्षकांना ते सांगण्यासारखं वाटतच नाही. त्याला वाटतं, हा किरकोळ गृहपाठ आहे, खरी परीक्षा येईल तेव्हा बघू. आणि मग डिसेंबर येतो.

मिस्टरही तेच म्हणताहेत, फक्त मोठ्या आवाजात. त्यांच्यावर चिडू नका. आपण ज्या व्यवस्थेतून आलो तिथे एका परीक्षेच्या मार्कांनी आयुष्यं बदललेली त्यांनी बघितली आहेत. जेईई, नीट, सीईटी. अकरावी-बारावीला कॉलेज नावापुरतं आणि दिवसभर क्लास, हे महाराष्ट्रात घरोघरी चालतं. तिथेही बारावी सुटत नाही म्हणा. आयआयटीला जेईईचा क्रमांक कितीही वरचा असला तरी बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डातल्या पहिल्या वीस पर्सेंटाइलमध्ये असणं लागतंच. ही एक ओळ त्यांना वाचून दाखवा. परीक्षेच्या मार्कांनी शाळा माफ होत नाही, ही अट त्यांच्या ओळखीच्या जगातही आहे.

इंटरमिजिएट आणि तबल्याबद्दल विचारलंत. वाईट वाटतं, पण उत्तर नाही असंच आहे. दहावीला चित्रकलेच्या परीक्षेचे वाढीव गुण आपलं बोर्ड देतं, म्हणून तुम्हाला तसं वाटणं साहजिक आहे. यूसी कलेची अट मोजते ती मान्य शाळेत वर्षभर शिकून ग्रेड मिळालेल्या विषयावर. बाहेरच्या परीक्षेचं प्रमाणपत्र, क्लासच्या बाईंनी दिलेलं पत्र, अरंगेत्रम, यांतलं काहीही त्या रकान्यात बसत नाही. पण अर्जात छंद आणि उपक्रमांसाठी वेगळा भाग असतो, तिथे तबला भरघोस लिहा. आणि प्रवेश अर्जात आठांपैकी चार प्रश्नांची साडेतीनशे शब्दांपर्यंत उत्तरं लिहायची असतात. त्यातला एक प्रश्न सर्जनशीलतेवर आहे. हात तबल्यावर बसलेला मुलगा मातीच्या चाकावर बसतो तेव्हा त्याला काय वाटतं, हे दुसरा कोण लिहिणार?

पुण्यातून मात्र त्याने जे आणलंय ते थोडं नाही, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. नववी-दहावीत मराठी किंवा हिंदी शिकला ना? दुसऱ्या भाषेची दोन वर्षं तिथेच झाली. त्याला इथे घाईघाईने स्पॅनिश वनमध्ये बसवलं असेल तर काउन्सेलरशी बोला. आवडत असेल तर शिकू दे, पण अटीसाठी त्याची गरज नाही. गणितात इथे भूमितीचं एक वर्ष झालेलं असावं लागतं आणि हे बऱ्याच काउन्सेलरांना गुणपत्रिकेवर सापडत नाही, कारण तिथे नुसतं ‘मॅथेमॅटिक्स’ लिहिलेलं असतं. एसएससीला बीजगणित आणि भूमिती असे दोन वेगळे पेपर असतात, प्रत्येकी ४० गुणांचे. पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका घेऊन जा आणि दाखवा. अमेरिकेचा इतिहास, सिव्हिक्स, इकॉनॉमिक्स हे विषय राज्याच्या डिप्लोमासाठीही लागतात, ते इथेच पूर्ण होतील, त्यात पळवाट शोधू नका.

माझ्या भाच्याची गोष्ट सांगते. ठाण्याहून अकरावीत आला, तुमच्या लेकासारखाच गणितात पुढे. त्याला कुणी कलेबद्दल बोललंच नाही. बारावीच्या ऑक्टोबरमध्ये अर्ज भरायला बसला तेव्हा तो रकाना रिकामा दिसला. माझी बहीण रात्रभर झोपली नाही. आम्हाला वाचवलं ते कम्युनिटी कॉलेजने. यूसीला चालणारा कॉलेजचा एक सेमिस्टरचा विषय शाळेच्या एका वर्षाच्या बरोबरीचा धरतात. त्याने जानेवारीपासून आठवड्यातून दोन संध्याकाळी चित्रकलेचा वर्ग केला, अर्जात तो ‘नियोजित’ म्हणून लिहिला, मी त्याला गाडीने नेत-आणत होते. हा रस्ता तुम्हालाही खुला आहे, शाळेत असलेल्या मुलांना तिथे फी बहुधा माफ असते. फक्त तिथली ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमची राहते हे लक्षात ठेवा, आणि इंग्लिश सावरेपर्यंत त्याच्यावर हा भार टाकू नका.

शेवटचं, जे मला पत्र वाचताना सगळ्यात जास्त टोचलं. ‘मुलगा काहीच बोलत नाही.’ सोळा वर्षांचा मुलगा, मित्र पुण्यात, दहावीनंतरची मोकळी अकरावी जगायची राहून गेली, सहा महिन्यांत देश बदलला, शाळा बदलली, आणि घरी त्याच्याच विषयांवरून रोज भांडण. त्याला सिरॅमिक्स आवडतं का, हे तुम्ही दोघांनी विचारलंय का? मातीच्या वर्गात मुलं टेबलाभोवती बसतात, हात गुंतलेले असतात, बोलण्याची सक्ती नसते आणि तरी बोलणं होतं. नव्या मुलाला शाळेत अशी जागा मुश्किलीने मिळते. असं असू शकतं की दिवसभरात त्याचा हा एकच तास बरा जात असेल. उद्या त्याला शाळेतून आणायला स्वतः जा आणि त्याने काय केलंय ते बघायला मागा.

आणि एक कागदाचं काम आहे, ते लगेच उरका. दहावीची गुणपत्रिका बोर्डाची आहे, ती तुमच्याकडे असेलच. नववीचं प्रगतिपुस्तक मात्र शाळेने दिलेलं असतं आणि सामान आवरताना तेच रद्दीत जातं. यूसीला नववीचे विषयही लिहून द्यावे लागतात. पुण्यात दीर, भाऊ, कुणी असेल त्याला शाळेत पाठवून नववीच्या निकालाच्या सही-शिक्क्याच्या दोन प्रती काढून घ्या, परीक्षांची धांदल सुरू व्हायच्या आत. आणि अर्जात गुण भरताना ते इथल्या ए-बी-सीमध्ये स्वतः बदलू नका. कागदावर जसे आहेत तसेच लिहा, यूसीला ते तसेच हवे असतात.